मेंदूतील सूक्ष्म रक्तवाहिन्यांचा आजार रक्ताच्या चाचणीत सापडतो का?

आपण विचारलेला प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचकांनाही संदर्भ कळेल. आपले वडील 71 वर्षांचे आहेत, त्यांना 15 वर्षांपासून रक्तदाबाचा विकार आहे. गेल्या वर्षभरात त्यांची चाल मंदावली आहे आणि पूर्वीसारखा त्यांना कशात रस वाटत नाही. मेंदूच्या एमआरआयच्या अहवालात ‘सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या विकारामुळे झालेले बदल, फाझेकास श्रेणी 2’ असा शेरा आहे. एका प्रयोगशाळेने आपल्याला ‘ब्रेन हेल्थ’ नावाचे रक्तचाचण्यांचे पॅकेज सुचवले असून त्यात होमोसिस्टीन, सीआरपी, अपोई जनुक आणि न्यूरोफिलामेंट लाइट या चाचण्या आहेत. या चाचण्यांवरून वडिलांचा आजार किती वाढला आहे ते कळेल का, आणि कोणताही त्रास नसलेल्या 67 वर्षांच्या आईला हा आजार आहे की नाही, हे एमआरआय न करता नुसत्या रक्तावरून कळेल का, असे आपण विचारले आहे.

दोन्ही प्रश्नांचे आजचे उत्तर ‘नाही’ असे आहे. मात्र रक्ताच्या चाचण्यांचा या आजारात काहीच उपयोग नाही, असा त्याचा अर्थ नाही. उपयोग आहे आणि तो मोठा आहे, पण पॅकेजच्या माहितीपत्रकात सांगितला जातो त्यापेक्षा तो वेगळ्या जागी आहे. ही जागा कोणती, हे समजण्यासाठी आजार नेमका कुठे बसलेला असतो ते आधी पाहावे लागेल.

मेंदूच्या तळाशी असलेल्या मोठ्या धमन्यांतून केसासारख्या बारीक शाखा जवळजवळ काटकोनात निघतात आणि थेट मेंदूच्या खोल भागात शिरतात. काही शाखा मेंदूच्या पृष्ठभागावरून आत उतरतात. त्यांतील कित्येकींचा व्यास मिलिमीटरच्या एक-दोन दशांशांहून अधिक नसतो. खोल भागातले श्वेतद्रव्य, म्हणजे मेंदूच्या एका भागाला दुसऱ्या भागाशी जोडणाऱ्या तंतूंच्या जुड्या, या शाखांच्या अगदी शेवटच्या टोकावर असते. कालव्याच्या पाण्यावर शेती करणाऱ्यांना हे चटकन समजेल. कालव्याच्या टेलला ज्याचे शेत असते, त्याच्याकडे पाणी सर्वांत शेवटी पोहोचते आणि वरच्या अंगाला चारी थोडी जरी बुजली, तरी पहिले पीक त्याचेच सुकते. वर्षानुवर्षांच्या वाढलेल्या रक्तदाबाने या बारीक शाखांच्या भिंती जाड आणि ताठ होतात, त्यांच्यातील स्नायुपेशी मरतात, त्यांच्या आतल्या अस्तरातून रक्तातील द्रव आजूबाजूला झिरपू लागतो आणि टेलचे श्वेतद्रव्य हळूहळू नापीक होत जाते.

एमआरआयमध्ये हे बदल निरनिराळ्या रूपांत दिसतात. श्वेतद्रव्यातील पांढरे डाग, 3 ते 15 मिलिमीटर आकाराच्या पोकळ्या, ज्यांना लॅक्यून म्हणतात, सूक्ष्म रक्तस्रावांचे काळे ठिपके, रक्तवाहिन्यांभोवतीच्या रुंदावलेल्या फटी आणि एकूण मेंदूचे आकसणे, ही ती रूपे होत. ती कशी ओळखावीत आणि कोणत्या नावाने लिहावीत यावर 2013 साली आंतरराष्ट्रीय पातळीवर एकमत झाले आणि 2023 मध्ये त्यात सुधारणा करण्यात आली. आपल्या अहवालातील फाझेकास ही श्रेणी त्याहून जुनी आहे. ऑस्ट्रियातील न्यूरॉलॉजिस्ट फ्रान्झ फाझेकास यांनी 1987 साली ती मांडली. तिच्यात 0 म्हणजे डाग नाहीत, 1 म्हणजे सुटे ठिपके, 2 म्हणजे ठिपके एकमेकांना मिळू लागले आहेत आणि 3 म्हणजे ते मिळून मोठे पट्टे झाले आहेत. वडिलांची श्रेणी 2 आहे. ती दुर्लक्ष करण्याजोगी नाही आणि घाबरून जाण्याजोगीही नाही.

आता मूळ मुद्दा. आजार रक्तवाहिनीचा आहे, मग तो रक्तात का दिसू नये, असा विचार मनात येणे स्वाभाविक आहे. पण बिघाड रक्तात नसतो, रक्तवाहिनीच्या भिंतीत असतो, आणि तोही मेंदूतल्या एवढ्याशा भिंतींत की त्यातून रक्तात मिसळणाऱ्या पदार्थांचे प्रमाण साऱ्या शरीराच्या रक्तवाहिन्यांतून येणाऱ्या त्याच पदार्थांच्या तुलनेत नगण्य ठरते. शिवाय मेंदू आणि रक्त यांच्यामध्ये रक्त-मेंदू अडसर उभा असतो. त्यामुळे आज आपण रक्तात जे मोजू शकतो, ते बहुतेक वेळा भिंतीचे नुकसान नसून त्या नुकसानीमुळे पुढे मेलेल्या किंवा दुखावलेल्या चेतापेशींचे अवशेष असतात. अवशेषांवरून नुकसान झाले हे कळते, ते कोणी केले हे कळत नाही.

आपल्या पॅकेजमधील न्यूरोफिलामेंट लाइट हे याचे सर्वांत चांगले उदाहरण आहे. चेतातंतूला आतून आधार देणाऱ्या सांगाड्यातले हे एक प्रथिन आहे. तंतू तुटला की ते मेंदूजलात आणि तेथून फारच थोड्या प्रमाणात रक्तात उतरते. हे प्रमाण इतके अल्प असते की ते एका मिलिलिटरमागे पिकोग्रॅममध्ये, म्हणजे ग्रॅमच्या एक लक्ष कोटीव्या भागात मोजावे लागते. एकेक रेणू मोजू शकणारे तंत्र आल्यामुळे गेल्या दशकात हे साध्या रक्तनमुन्यातून शक्य झाले आणि या चाचणीबद्दल आमच्या शाखेत खरोखरच उत्साह निर्माण झाला. सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या आजारातही तिच्यावर चांगले काम झाले आहे. ऑस्ट्रियातील ग्राझ येथील संशोधकांनी ताजा लहान खोल इन्फार्क्ट, म्हणजे रक्तपुरवठा तुटून मेंदूचा छोटा भाग मृत होणे, झालेल्या रुग्णांत हे प्रथिन मोजले. झटक्यानंतर ते वाढलेले होते, तीन महिन्यांनीही वाढलेलेच होते आणि सव्वा वर्षानंतर खाली आलेले होते. ज्यांच्या एमआरआयमध्ये दरम्यान नवे डाग दिसले, त्यांच्यात ते अधिक होते. नेदरलँड्समधील लायडन येथे या आजाराच्या आनुवंशिक प्रकारात असे दिसले की रक्तातील या प्रथिनाचे प्रमाण आजाराच्या तीव्रतेशी जुळते आणि पुढच्या वाटचालीचाही काही अंदाज देते.

मग अडचण कुठे आहे? हेच प्रथिन अल्झायमरमध्ये वाढते, मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये वाढते, डोक्याला मार लागल्यावर वाढते आणि मधुमेहामुळे पायांच्या नसा खराब झाल्या असतील तरीही वाढते, कारण त्या नसांच्या तंतूंतही तेच प्रथिन असते. एएलएस नावाच्या आजारात तर ते इतके वाढते की एका आनुवंशिक प्रकारावरील टोफर्सेन या औषधाला अमेरिकेत 2023 मध्ये त्वरित मंजुरी देताना याच प्रथिनात झालेली घट प्रामुख्याने विचारात घेण्यात आली. मूत्रपिंडे नीट काम करत नसतील तर ते रक्तात साचते, शरीर स्थूल असेल तर त्याचे प्रमाण कमी दिसते, आणि निरोगी माणसातही वयाबरोबर ते वाढत जाते, साठीनंतर तर अधिक वेगाने. आता आपल्या वडिलांचा विचार करा. वय 71, जुना रक्तदाब, कदाचित किंचित वाढलेले क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाचे काम मंदावल्याची खूण. त्यांच्या अहवालात हा आकडा चढा आला, तर तो श्वेतद्रव्यामुळे, मूत्रपिंडामुळे, वयामुळे की अद्याप न ओळखलेल्या एखाद्या वेगळ्या आजारामुळे, हे मला त्या कागदावरून सांगता येणार नाही. आणि तो आकडा सामान्य आला, तरी एमआरआयमधील डाग पुसले जाणार नाहीत, कारण जुन्या, शांत झालेल्या जखमा हे प्रथिन सोडत नाहीत. थोडक्यात, ही चाचणी चालू असलेली झीज दाखवते, साठलेली झीज दाखवत नाही. एखाद्या औषधाच्या प्रयोगात शेकडो रुग्णांच्या सरासरीची तुलना करताना हा गुण फार मोलाचा आहे, पण एका माणसाचे निदान करताना त्याचा आधार तोकडा पडतो.

जीएफएपी या दुसऱ्या प्रथिनाबाबतही जवळपास हेच म्हणावे लागते. ते चेतापेशींना आधार देणाऱ्या ताराकृती पेशींतून येते आणि पांढरे डाग जास्त असलेल्यांत ते काही अभ्यासांत वाढलेले आढळले आहे, पण अल्झायमरच्या अगदी सुरुवातीच्या टप्प्यातही ते वाढते. उतारवयात हे दोन्ही आजार एकाच डोक्यात असणे ही अपवादाची गोष्ट नाही, तर नेहमीची आहे.

याच कारणासाठी एका तिसऱ्या चाचणीचा उल्लेख करतो, जी आपल्या पॅकेजमध्ये नाही. पी-टाउ 217 हे प्रथिन अल्झायमरच्या अमायलॉइड साठ्याशी, म्हणजे त्या आजारात मेंदूत साचणाऱ्या प्रथिनाशी, घट्ट जोडलेले आहे. मे 2025 मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने पी-टाउ 217 आणि अमायलॉइड यांच्या गुणोत्तरावर आधारलेल्या पहिल्या रक्तचाचणीला परवानगी दिली, तीही 55 वर्षांवरील आणि लक्षणे असलेल्या व्यक्तींसाठी. ही चाचणी सूक्ष्म रक्तवाहिन्यांचा आजार अजिबात शोधत नाही. पण एखाद्या रुग्णात विसरभोळेपणाही आहे आणि एमआरआयमध्ये डागही आहेत, अशा वेळी विस्मरणाचे खापर कोणत्या आजारावर फोडायचे, हा आमच्यापुढचा रोजचा पेच असतो. तेथे पी-टाउ 217 स्पष्टपणे सामान्य आले, तर अल्झायमरचा वाटा कमी असण्याची शक्यता वाढते आणि रक्तवाहिन्यांवरील संशय बळावतो. म्हणजे रक्तावरून सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या आजाराकडे जाता येते ते असे वळसा घालून. ते वाढलेले आले तर मात्र डाग निर्दोष ठरत नाहीत, कारण दोन्ही आजार एकत्र असू शकतात, हे आत्ताच म्हटले.

खुद्द भिंतीचा निरोप रक्तात शोधण्याचा प्रयत्नही चालू आहे, आणि मला व्यक्तिशः त्याच्याकडून अधिक आशा आहेत. अमेरिकेत राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या निधीवर 2016 पासून मार्कव्हीसीआयडी नावाचा अनेक केंद्रांचा प्रकल्प याच कामासाठी उभा आहे. रक्तवाहिन्यांच्या दोषामुळे होणाऱ्या बौद्धिक ऱ्हासाचे भरवशाचे निर्देशक शोधणे आणि एका केंद्रात मिळालेले उत्तर दुसऱ्या केंद्रातही तसेच मिळते का ते तपासणे, हे त्याचे उद्दिष्ट आहे. तेथे पुढे आलेल्या निर्देशकांपैकी एक आहे पीएलजीएफ, म्हणजे प्लॅसेंटा ग्रोथ फॅक्टर. हे नाव स्त्रीरोगतज्ज्ञांच्या ओळखीचे आहे, कारण गरोदरपणातील प्रीएक्लॅम्प्सियाचा धोका ठरवण्यासाठी हेच प्रथिन मोजतात. रक्तवाहिन्यांच्या वाढीशी आणि त्यांच्या गळतीशी त्याचा संबंध आहे. ज्यांच्या रक्तात ते जास्त होते, त्यांच्या एमआरआयमध्ये पांढरे डाग जास्त आणि बौद्धिक चाचण्यांतील गुण कमी, असे या अभ्यासांत आढळले. नवीन तंत्र शोधण्याऐवजी एक परिचित चाचणी नव्या कामाला लावता येईल, ही त्यातील व्यवहार्य बाजू आहे. पण ‘जास्त’ म्हणजे किती, कोणत्या वयात, मधुमेह असताना किती आणि नसताना किती, ही मोजपट्टी अद्याप बसायची आहे. ती बसेपर्यंत मी ही चाचणी बाह्यरुग्ण विभागात मागवणार नाही.

सीआरपीबद्दल थोडक्यातच सांगतो. तो शरीरातील कोणत्याही दाहाचा सामान्य खुणेचा दगड आहे. दात दुखत असतानाही तो वाढतो. डागांशी त्याचा संबंध अभ्यासांच्या सरासरीत दिसतो, एका माणसात त्यावरून काही ठरवता येत नाही. अपोई जनुकाचा प्रकार हा अल्झायमरचा आणि अमायलॉइडमुळे होणाऱ्या रक्तवाहिन्यांच्या विकाराचा धोका सांगतो. अमायलॉइडविरोधी प्रतिपिंडांची नवी औषधे सुरू करण्याचा विचार असेल, तर सूज आणि रक्तस्रावाचा धोका जोखण्यासाठी ते तपासावे लागते. वडिलांच्या बाबतीत आज तो प्रश्न नाही, आणि त्याचे उत्तर घरातल्या मुलाबाळांवरही परिणाम करणारे असल्यामुळे ते सहज म्हणून करून घेऊ नये.

आता आईकडे वळतो. समजा, सूक्ष्म रक्तवाहिन्यांचा लक्षणीय आजार 80 टक्के रुग्णांत बरोबर पकडणारी आणि निरोगी माणसांपैकी 80 टक्के जणांना बरोबर ‘नाही’ म्हणणारी एक रक्तचाचणी उद्या मिळाली. आईसारख्या, कोणतीही तक्रार नसलेल्या 1000 जणांची ती केली आणि त्यांत 100 जणांना खरोखर आजार असला, तर 80 जण सापडतील आणि 20 निसटतील. पण उरलेल्या 900 निरोगी व्यक्तींपैकी 180 जणांनाही ‘आजार आहे’ असा अहवाल मिळेल. म्हणजे असा अहवाल हाती आलेल्या 260 पैकी 180 जणांना तो आजार नसेल. हे आकडे मी केवळ हिशेब दाखवण्यासाठी घेतले आहेत, आणि आजच्या चाचण्या याहून चांगल्या आहेत असे मानायला आधार नाही. त्यातच उतारवयात थोडेफार डाग जवळपास सर्वांना असतात. नेदरलँड्समधील रॉटरडॅम येथे 60 ते 90 वयोगटातील सुमारे एक हजार नागरिकांचे एमआरआय केले, तेव्हा एकही डाग नसलेले केवळ 5 टक्के निघाले. त्यामुळे ‘आहे की नाही’ हा प्रश्नच या वयात फारसा उपयोगाचा नाही. ‘किती आहे, वाढतो आहे का आणि कशामुळे वाढतो आहे’ हे प्रश्न उपयोगाचे आहेत, आणि त्यांतील तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मात्र रक्त आणि लघवी उत्तम देतात.

वडिलांसाठी मी ज्या चाचण्या लिहून देईन, त्या सगळ्या साध्या आहेत. रक्तातील साखर आणि एचबीए1सी, लिपिड प्रोफाइल, क्रिएटिनिन, हिमोग्राम, थायरॉइडसाठी टीएसएच, बी-12 आणि सोडियम. यांतील सोडियम हे नाव वाचून आपल्याला कदाचित नवल वाटेल. रक्तदाबाच्या अनेक गोळ्यांत क्लोरथॅलिडोन किंवा हायड्रोक्लोरोथायझाइड हे लघवी वाढवणारे औषध मिसळलेले असते आणि वृद्धांमध्ये त्याने सोडियम हळूहळू घसरते. परिणाम असा की माणूस मंद होतो, अडखळतो, पडतो, आणि घरच्यांना वाटते की मेंदूचा आजार वाढला. एमआरआयमध्ये डाग असतातच, त्यामुळे डॉक्टरांचीही फसगत होऊ शकते. सोडियम सुधारल्यावर आठ-दहा दिवसांत पुन्हा नीट बोलू-चालू लागलेले रुग्ण मी पाहिले आहेत. हजारो रुपयांचे पॅकेज जे सांगणार नाही, ते ही छोटी चाचणी सांगून जाते.

लघवीतील अल्ब्युमिन आणि क्रिएटिनिन यांचे गुणोत्तर ही माझ्या मते या आजारातली सर्वांत दुर्लक्षित चाचणी आहे. मूत्रपिंड आणि मेंदू हे दोन्ही अवयव सतत, मोठ्या प्रमाणात आणि कमी अडथळ्याने वाहणाऱ्या रक्तावर जगतात, त्यामुळे रक्तदाबाचा धक्का दोघांच्याही बारीक वाहिन्यांना सारखाच बसतो. मूत्रपिंडाच्या गाळणीतून अल्ब्युमिन गळू लागले, म्हणजे हे गुणोत्तर ग्रॅममागे 30 मिलिग्रॅमच्या वर गेले, की मेंदूतही तसेच काही चालले असण्याची शक्यता वाढते, आणि मोठ्या समूहांच्या अभ्यासांत हा संबंध पुन्हा पुन्हा दिसला आहे. आईला खरोखर काही तपासायचेच असेल, तर सकाळच्या लघवीची ही चाचणी, साखर आणि काळजीपूर्वक मोजलेला रक्तदाब यांपासून सुरुवात करावी. त्याला नेत्रतज्ज्ञांकडून दृष्टिपटलाच्या तपासणीची जोड द्यावी, कारण शरीरातील बारीक रक्तवाहिन्या थेट डोळ्यांनी पाहता येतात अशी तीच एक जागा आहे.

होमोसिस्टीन या रक्तातील अमिनो आम्लावर जरा थांबावे लागेल, कारण पॅकेजमधील ही एकच चाचणी आपल्याकडे खरोखर अर्थपूर्ण ठरू शकते. ते वाढलेले असणाऱ्यांत डाग आणि लॅक्यून जास्त आढळतात, हे अनेक अभ्यासांत दिसले आहे. आपल्याकडे ते वाढण्याचे मुख्य कारण बी-12 ची कमतरता हे आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुणे परिसरातील मध्यमवयीन पुरुषांचा जो अभ्यास 2006 मध्ये प्रसिद्ध केला, त्यात सुमारे दोन-तृतीयांश पुरुषांत बी-12 कमी आणि निम्म्याहून अधिकांत होमोसिस्टीन वाढलेले निघाले. शाकाहार हे त्याचे एक महत्त्वाचे कारण होते. पण जीवनसत्त्वे देऊन होमोसिस्टीन उतरवले की मेंदू वाचतो का? व्हिटाटॉप्स या 8000 हून अधिक रुग्णांच्या आंतरराष्ट्रीय प्रयोगात, पूर्वी पक्षाघात किंवा त्याचा इशारा येऊन गेलेल्यांना बी गटातील जीवनसत्त्वे दिली, तेव्हा पुढच्या झटक्यांत ठळक घट झाली नाही. एमआरआय केलेल्या एका उपगटात, ज्यांचे डाग सुरुवातीलाच खूप होते त्यांच्यात, डागांची वाढ काहीशी मंदावलेली दिसली. म्हणून माझी पद्धत अशी आहे की होमोसिस्टीनच्या आकड्यामागे न धावता बी-12 तपासावे आणि ते कमी असेल तर भरून काढावे, कारण त्याच्या कमतरतेने चाल आणि स्मृती ही दोन्ही स्वतंत्रपणेही बिघडतात.

होमोसिस्टीन करायचेच असेल, तर एक गोष्ट डोळ्यांत तेल घालून पाहा. रक्त काढल्यावर नळीतील तांबड्या पेशी होमोसिस्टीन बाहेर सोडतच राहतात. नळी ताबडतोब बर्फात ठेवून तासाभरात पेशी वेगळ्या केल्या नाहीत, तर आकडा आपोआप फुगतो. माझ्याकडे आलेल्या एका गृहस्थांचे होमोसिस्टीन दुपटीच्या जवळ आले होते आणि ते फार धास्तावले होते. चौकशी केल्यावर कळले की घरी सकाळी सातला काढलेला नमुना संकलन करणाऱ्या मुलाच्या पिशवीत, एप्रिलच्या उन्हात, दुपारपर्यंत फिरत होता. पुन्हा नीट काढलेल्या नमुन्यात आकडा सामान्य आला. बी-12 ही त्यांचे पुरेसे होते.

रक्ताच्या चाचणीने या आजाराचे पक्के निदान होते असे प्रकारही आहेत, पण ते थोडे आहेत आणि जनुकीय आहेत. कॅडासिल हा त्यांतला प्रमुख. 19 व्या गुणसूत्रावरील नॉच-3 या जनुकातील दोषामुळे तो होतो, हे फ्रान्समधील संशोधकांनी 1996 मध्ये दाखवून दिले. अर्धशिशीच्या झटक्यांपूर्वी डोळ्यांपुढे चमकणाऱ्या रेघा दिसणे, चाळिशी-पन्नाशीत रक्तदाबासारखे ठळक कारण नसताना लहान पक्षाघात होणे, आई किंवा वडील आणि त्यांची भावंडे यांतही असाच इतिहास असणे, आणि एमआरआयमध्ये कानशिलामागच्या भागाच्या टोकाला डाग असणे, असे चित्र असेल तर रक्तातून डीएनए घेऊन ही तपासणी करावी. फॅब्री या आजारात पुरुषांमध्ये अल्फा-गॅलेक्टोसायडेज या विकराची पातळी रक्तात मोजून निदान होते. स्त्रियांत ती सामान्य येऊनही आजार असू शकतो, त्यामुळे त्यांना जनुकीय तपासणी लागते. आपल्या वडिलांचा 15 वर्षांचा रक्तदाब त्यांचे डाग समजावून सांगायला पुरेसा आहे, त्यामुळे त्यांना यांतले काहीही करण्याची गरज मला आज दिसत नाही.

या आजाराची खरी ओळख मला प्रयोगशाळेतल्या कागदापेक्षा खोलीच्या दारातून होते. रुग्ण आत येताना मी त्यांच्या पायांकडे पाहतो. पावले आखूड, जमिनीला चिकटल्यासारखी, दोन पायांत अंतर जास्त, पण हात मात्र बऱ्यापैकी हलत असतात. खुर्चीपाशी येऊन वळताना निरोगी माणूस दोन-तीन पावलांत वळतो, तेथे यांना सहा-सात छोटी पावले लागतात. ही चाल पार्किन्सनची समजून महिनोन्महिने त्याच्या गोळ्या घेतलेले रुग्ण माझ्याकडे येतात. मग मी पाच शब्द सांगतो आणि थोड्या वेळाने विचारतो. ते आठवत नाहीत, पण ‘त्यात एक फूल होते’ असा धागा दिला की चेहरा उजळतो आणि ‘जास्वंद’ असे उत्तर येते. शब्द साठवलेला असतो, फक्त शोधून आणायला वेळ लागतो. अल्झायमरमध्ये धागा देऊनही सहसा उपयोग होत नाही. आणि वडील कशात रस घेत नाहीत असे आपण लिहिले आहे, त्याला घरोघरी ‘म्हातारपणी आळशी झाले’ असे म्हटले जाते. तो आळस नाही. इच्छा आणि कृती यांना जोडणारे तंतूच या आजारात झिजतात. हे कळले की घरातील बोलण्याचा सूर बदलतो, असा माझा अनुभव आहे.

उपचारात आज सर्वांत भक्कम पुरावा रक्तदाबाचा आहे. अमेरिकेतील स्प्रिंट या प्रयोगाच्या 2019 मध्ये आलेल्या निष्कर्षांनुसार, वरचा रक्तदाब 120 च्या खाली ठेवण्याचे उद्दिष्ट असलेल्या गटात, 140 च्या खाली ठेवण्याचे उद्दिष्ट असलेल्या गटापेक्षा, सौम्य बौद्धिक ऱ्हासाचे प्रमाण 19 टक्क्यांनी कमी राहिले. सुमारे चार वर्षांत डागांचे आकारमानही पहिल्या गटात कमी वाढले, 0.92 घन सेंटिमीटर, तर दुसऱ्या गटात 1.45. स्मृतिभ्रंशातील घट मात्र निर्णायक ठरली नाही, आणि त्या प्रयोगात मधुमेही व पूर्वी पक्षाघात झालेले रुग्ण नव्हते, हेही लक्षात घ्यावे. ॲस्पिरिनबद्दल आपण विचारले नाही, पण विचारण्यापूर्वीच सांगतो : पक्षाघात किंवा हृदयविकार झालेला नसेल, तर केवळ एमआरआयमध्ये डाग आहेत म्हणून ॲस्पिरिन सुरू करू नये, अशीच युरोपीय स्ट्रोक संघटनेची 2021 ची शिफारसही आहे. ब्रिटनमधील लासी-2 या प्रयोगात आयसोसॉर्बाइड मोनोनायट्रेट आणि सिलोस्टॅझॉल या जुन्याच औषधांनी लॅक्यूनर पक्षाघात झालेल्यांत काही आशादायक परिणाम दाखवले, पण तो 363 रुग्णांचा प्राथमिक टप्प्याचा प्रयोग होता. त्यावरून औषध लिहून देणे घाईचे ठरेल.

म्हणून पॅकेजवर खर्च करण्याऐवजी घरी दंडावर बांधायचे रक्तदाबाचे चांगले यंत्र घ्या. पुढचे सात दिवस सकाळी गोळी घेण्यापूर्वी आणि रात्री, पाच मिनिटे शांत बसल्यावर, प्रत्येक वेळी दोनदा मोजून वहीत लिहा. एकदा झोपून आणि मग उभे राहिल्यावर पहिल्या आणि तिसऱ्या मिनिटालाही मोजा. उभे राहिल्यावर वरचा आकडा 20 किंवा त्याहून अधिक उतरत असेल, तर गोळ्या वाढवण्याआधी त्याचा विचार करावा लागेल. ही वही, वडील घेत असलेल्या सर्व गोळ्यांच्या पट्ट्या आणि वर सांगितलेल्या साध्या चाचण्यांचे अहवाल आपल्या न्यूरॉलॉजिस्टना दाखवा. एमआरआयचा केवळ छापील अहवाल नेऊ नका, त्याची सीडी न्या. आणि कपाटात एकदा नीट शोधा. पाच-सात वर्षांपूर्वी कधी पडल्यामुळे किंवा चक्कर आली म्हणून डोक्याचे सीटी स्कॅन किंवा एमआरआय केलेले असेल, तर ती जुनी फिल्मही सोबत घ्या. वडिलांचा आजार किती वाढला आहे, या आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर त्या दोन चित्रांना शेजारी ठेवल्यावर मिळेल.